पाय धुण्याचा रविवार

त्या वर्षी ओढा लवकर आटला. पाणी आधी दगडांच्या आड गेलं, मग दगडांखाली गेलं, आणि शेवटी गुरं ओढ्यात उतरून नुसती वास घेत उभी राहू लागली. माणसांना प्यायला चर्चच्या आवारातली विहीर होती. पण खालच्या आळीच्या टोकाला कातडी कमावणारं एक घर होतं. त्यांच्या हौदांना आजवर ओढ्याचं पाणी पुरत असे. आता तेही विहिरीवर येऊ लागले.

घरात म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा खांद्यावर आडवी काठी घेऊन दोन्ही टोकांना डबे लावून पाणी न्यायचा, सून डोक्यावर घागर घ्यायची. ती विहिरीवर आली की वरच्या आळीतल्या बायका बोलायच्या नाहीत. आपापली दोरी तेवढी गुंडाळून घ्यायच्या.

मग हळूहळू बोलणं निघालं. पाण्याला वास येतो म्हणे. हौदांतलं घाण पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं म्हणे. उपासना संपल्यावर पंच बसले, आणि पाऊस पडेपर्यंत हौद कोरडे ठेवावेत असं त्यांच्यात निघालं. मुलगा तावातावाने उठला. विहीर वर आहे आणि हौद खाली आहेत, पाणी काय चढ चढून जातं, असं त्याने विचारलं. म्हाताऱ्याने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

पाळक त्याच वर्षी आलेले होते. वयाने लहान, दाढी नीट आली नव्हती, पण दोन्ही बाजूंचं त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की हौदांचं काय करायचं ते पाय धुण्याचा रविवार झाल्यावर ठरवू. आधी आपण एकमेकांजवळ बसू, मग बोलू.

त्या चर्चमध्ये वर्षातून एक रविवार पाय धुण्याचा असे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे विश्वासणाऱ्यांनी एकमेकांचे धुवायचे, पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. ज्याच्या शेजारी जो बसेल त्याची त्याच्याशी जोडी. वरची आळी खिडक्यांच्या बाजूला बसे आणि खालची आळी दाराच्या बाजूला. असं बसा म्हणून कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. पाळक म्हणाले, या वेळी वयाप्रमाणे बसायचं. प्रभूच्या घरात वरचा आणि खालचा नाही. थोरला आणि धाकटा एवढंच आहे, आणि तेही धाकट्याने जरा गप्प बसावं म्हणून.

लोक हसले. पण हसता हसता त्यांनी हिशेब केला होता. वयाने सगळ्यांत थोर दोघेच, खालचा म्हातारा आणि वरचा गिरणीवाला. दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी ओढ्याच्या डोहात झाला होता. तेव्हा दोघेही गुडघ्याएवढे होते आणि दोघेही थंडीने सारखेच कुडकुडले होते, हे म्हातारी अजून सांगायची. तिला ते तिच्या सासूने सांगितलं होतं.

म्हातारा त्या दिवसापासून खुशीत होता. चालता चालता गुणगुणायचा. कातड्यावरचे केस खरवडताना हात थांबवून मुलाला म्हणायचा, "हातात पाय आला की बोलणं सोपं जातं. बघ तू. हौदांचं मिटेल."

मुलगा जास्तच जोरात खरवडायचा.

दळण न्यायचं होतं म्हणून म्हातारा गिरणीवर गेला. बाकीचे आत पोती ठेवून सावलीत बसत. खालच्या आळीतले दाराबाहेर उभे राहत. तोही उभा राहिला. पट्टा थांबला तसा गिरणीवाला कपडे झटकत बाहेर आला. भुवया, पापण्या, हातांवरचे केस, पायाची बोटं, सगळं पिठाने पांढरं.

"रविवारी आपली जोडी," तो म्हणाला.

"गुडघे टेकतील का तुमचे?"

"टेकतील की. उठताना हात दे म्हणजे झालं."

दोघे हसले. मग गिरणीवाल्याने आत पाहिलं, म्हाताऱ्याच्या हातातलं दळण स्वतः घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगू? राग मानू नकोस. तेवढे पाय जरा घासून ये. मला काही नाही, मी तुला लहानपणापासून बघतोय. पण सगळे बघणार. आमच्या घरची मंडळी पुढेच बसतात. उगाच कुणी नाक मुरडलं तर वाईट तुलाच वाटेल."

"हो, हो," म्हातारा म्हणाला. "ते तर करायलाच पाहिजे."

परत येताना वाटेत दोनदा थांबून त्याने खाली पाहिलं.

सालीच्या पाण्यात जन्म काढलेल्या माणसाचे ते पाय. झाडाची साल कुटून हौदात टाकायची, त्या लाल काळ्या पाण्यात कातडी बुडवायची आणि आत उतरून ती पायांनी तुडवायची, हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आला होता. पोटऱ्यांपर्यंत रंग चढलेला होता. नखं शिंगासारखी. टाचांच्या भेगांत रंग इतका आत गेलेला की कातडं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. घरात कुणाच्या ते डोळ्यांवर येत नसत, मुलाचेही पाय त्याच वाटेवर होते.

अंगणात बसून त्याने पाय घासायला घेतले. दगडाने घासले, राखेने घासले, कपड्याच्या साबणाने घासले. म्हातारी निवडत बसली होती. तिने सुपातून वर पाहिलं.

"पाय धुवून घ्यायला जायचं, आणि जायच्या आधी पाय धुवून जायचं," ती म्हणाली. "मग ते तिथे काय धुणार, तुमची अक्कल?"

"अगं, माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर बसणार. त्याला ओकारी आली म्हणजे?"

"लग्नाच्या दिवशी तरी एवढे घासायचे होते. मला नाही आली ओकारी?"

"तुला कुठे विचारलं होतं तेव्हा."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आपल्या कातड्याचे जोडे घालून गिरणीवाला चर्चला येतो. तेव्हा नाही त्याला घाण वाटत."

"जोडा वेगळा, पाय वेगळा," म्हातारा म्हणाला आणि घासत राहिला.

रंग काही गेला नाही. पाय नुसते लाल झाले आणि काळ्यावर लाल जास्तच वाईट दिसू लागलं.

कातडं आलं की ते आधी चुन्याच्या हौदात पडतं. चुना केस सोडवतो, मळ सोडवतो, वरचा पापुद्रा सोडवतो. काळं, मळकट, रक्ताने माखलेलं कातडं आत जातं आणि पांढरंफटक होऊन बाहेर येतं. म्हाताऱ्याने ते आयुष्यभर पाहिलं होतं. चुन्यात हात घालताना कोपरापर्यंत तेल चोपडायचं असतं हेही त्यानेच मुलाला शिकवलं होतं.

मुलगा साल आणायला गेला होता. भर दुपारी सून मागच्या बाजूला गेली तेव्हा म्हातारा चुन्याच्या हौदाच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून, ओढ्यावर बसावं तसा.

"बाबा, चुना आहे तो."

"जुना आहे. मेलाय कधीच. थंड वाटतं."

ऊन डोक्यावर होतं. थंड वाटत असेल, असं तिलाही वाटलं. ती वाळत घातलेले कपडे काढून घरात गेली.

पहिल्या दिवशी खरोखरच काही झालं नाही. उलट घोट्याजवळचा रंग थोडा उतरला. म्हाताऱ्याने सुनेला बोलावून दाखवला. नखाने खरवडलं तर पांढरा पापुद्रा निघत होता आणि खाली फिकट कातडी होती. "हे बघ," तो म्हणाला, "आहे आत. माझाच पाय आहे." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला. पण जुन्या चुन्याने त्यापुढे काही होईना, आणि रविवार जवळ आला होता. मग त्याने कुणाला न सांगता कोठीतला ताजा चुना फोडला, जुन्या घमेल्यात कालवला आणि पायांना थापून वर गोणपाट गुंडाळलं.

त्यानंतर तो चालेनासा झाला. काटा रुतलाय म्हणाला. पायांना फडकी बांधून पडवीत बसून राहिला. मुलाला वाटलं, रंग परत चढू नये म्हणून बाप हौदात उतरत नाही. तो चिडला आणि एकटाच राबू लागला. भिजलेलं कातडं एकट्या माणसाला उचलत नाही. ते हातातून निसटतं, मेलेल्या जनावराने पुन्हा जीव धरावा तसं जड होतं. सून पदर खोचून मदतीला गेली. एका टोकाला तो, एका टोकाला ती, असं त्यांनी एकेक कातडं हौदातून ओढलं. पाणी तिच्या गळ्यापर्यंत उडत होतं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. मधेच म्हणाला, "रविवारसाठी बसलाय नवरदेव."

शनिवारी सून म्हाताऱ्याला गरम पाणी द्यायला गेली तेव्हा तिला वास आला. तो वास तिला ओळखीचा होता. न कमावलेलं कातडं उन्हात राहिलं की येतो तो. तिने फडकं सोडायला हात घातला. फडकं निघेना. ते आत चिकटलेलं होतं.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी मग काय करायचं ते करा."

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिला माहीत होतं. तीच सकाळ संध्याकाळ फडक्यांवरून तेल सोडत होती.

"मी सांगून थकले," म्हातारी म्हणाली. "आता तूही सांगून बघ, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं झालं."

मुलाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गिरणीवर गेला असता, आणि मग सगळंच विसकटलं असतं.

रविवारी पहाटे म्हातारीने फडकी भिजवून भिजवून सोडवली. मग म्हाताऱ्याने मुलाचे मोजे आणि मुलाचे बूट मागून घेतले. नाड्या बांधू दिल्या नाहीत. चर्चपर्यंत तो काठी टेकत स्वतः चालला, मधे मधे कुणाशी तरी बोलायचं निमित्त करून थांबत. पाळकांनी हात धरून त्याला पहिल्या बाकावर, खिडकीशी बसवलं. त्या बाजूला तो जन्मात बसला नव्हता. बाहेर पाहून तो शेजारच्या गिरणीवाल्याला म्हणाला, "इथून विहीर दिसते की." गिरणीवाल्याने मान डोलावली.

पाळक थोडकंच बोलले. प्रभूने ज्यांचे पाय हातात घेतले ते दिवसभर चालून आलेल्या माणसांचे पाय होते, एवढं म्हणून त्यांनी पितळेचं घंगाळ पुढे ठेवलं आणि गिरणीवाल्याकडे पाहिलं.

गिरणीवाला एक हात बाकावर टेकून गुडघ्यावर बसला. त्याने कोट काढला होता, बाह्या दुमडल्या होत्या. त्याने म्हाताऱ्याचा एक बूट काढला, मग दुसरा. मोजा निघेना. त्याला वाटलं घामाने चिकटला असेल. त्याने तो पाय तसाच घंगाळात घेतला, वरून पाणी ओतलं आणि मोजा हळूहळू सोडवू लागला. मोज्याबरोबर कातडी आली. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल झालं.

गिरणीवाल्याचे हात पाण्यावर तसेच राहिले. त्याने मान वर केली.

"हे काय?"

म्हातारा खाली वाकला. इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून हलक्या आवाजात बोलला. "चुना लावला होता. डाग गेलेत बघा. हे खालचं सोडा, इथे बघा, घोट्याच्या वर. इथे एकही राहिला नाही."

पुढच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं की रोग दिसतोय. एका बाईने लेकराला मागे ओढलं. गिरणीवाला उठलाही नाही आणि त्याने पाय हातातही घेतला नाही. पाळक धावत आले, त्यांनी आपलं उपरणं काढून म्हाताऱ्याच्या पायाखाली धरलं, आणि मुलगा बाकांवरून उड्या टाकत पुढे आला. बापाला त्याने लेकरासारखं उचललं. म्हातारा एवढंच म्हणत होता, "थांब रे, माझं राहिलंय. मला त्यांचे धुवायचे राहिलेत."

दारातून बाहेर जाईपर्यंत तो तेच म्हणत होता.

सून मागे राहिली, बूट गोळा करायला. म्हणून पुढचं तिने पाहिलं. एका पंचाने घंगाळ बाहेर नेऊन धुऊन आणलं. दुसऱ्याने तोवर मागच्या खोलीतून नवं घंगाळ आणून खिडकीच्या बाजूला ठेवलं होतं. धुऊन आणलेलं घंगाळ मग दाराच्या बाजूला ठेवलं गेलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वरची आळी नव्या घंगाळाकडे गेली आणि खालची आळी जुन्याकडे. वयाप्रमाणे बसलेली माणसं उठून आपापल्या जागी आली. पाळक मधे उभे होते, कुठल्या बाजूला जावं ते त्यांना कळत नव्हतं. गिरणीवाला पहिल्या बाकावर एकटाच बसून स्वतःचे जोडे घालत होता. पायांत न जाणारे जोडे असावेत तसा, खूप वेळ.

तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी गिरणीवाल्याचीच आली. डॉक्टरीण बाई आधी मुलावर चिडल्या, मग सुनेवर चिडल्या, मग बाह्या सावरून कामाला लागल्या. उजव्या पायाचं विष वर चढलं होतं. तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डावा वाचला.

म्हातारा घरी आला तोवर हौद वाळले होते. पंचांनी हौद बंद करा असं कधीच सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही. एकट्याच्याने ते काम होण्यासारखं नव्हतं, आणि मुलगा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला होता. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा पांढऱ्या धुळीने माखलेला असे. बापाशी नीट बोलत नसे, पण त्याला उचलून बाहेर आणायचं, आत न्यायचं, ते सगळं तोच करी. पाळक येत, डोळे मिटून प्रार्थना करत आणि डोळे उघडले की लगेच निघत. विहिरीवर बायका सुनेशी आता बोलू लागल्या होत्या. कसं आहे सासऱ्यांचं, असं विचारत. दोरी मात्र गुंडाळून घेत.

एका दुपारी गिरणीवाला आला. गिरणी बंद ठेवून आला असावा, कारण ती वेळ दळणाची होती. या घराच्या आत तो कधी आला नव्हता. उंबऱ्याशी त्याचं डोकं वर चौकटीला आपटलं. म्हातारी उठून मागच्या दाराने बाहेर गेली आणि कोरड्या हौदांपाशी जाऊन बसली. सुनेने घडवंची पुसून पुढे सरकवली आणि माठातून पाण्याचा पेला भरून त्याच्या हातात दिला.

तो पेला हातात धरून बसून राहिला. दळणाचं, उन्हाचं, गुडघ्याचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "मी तसं म्हणालो नव्हतो."

"कसं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एवढं करायला."

"छे, छे. तुम्ही बरोबरच बोललात. चूक माझी. चुना ताजा होता. जुन्यातच अजून थोडे दिवस बसलो असतो तर काही झालं नसतं. एवढी वर्षं काम केलं आणि घाई केली बघा."

"तू मला काही तरी बोल," गिरणीवाला म्हणाला. "शिव्या दे."

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "कशाबद्दल?" तो म्हणाला.

गिरणीवाल्याने पेल्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी हलत होती. पाहुण्याला अवघडल्यासारखं झालंय असं वाटून म्हाताऱ्याने त्याला बरं वाटेल असं काही तरी शोधलं. अंगावरची चादर बाजूला करून डावा पाय पुढे केला. त्यावर जागोजागी नवी, चकचकीत, गुलाबी कातडी आली होती. काळं कुठे नव्हतं.

"हा बघा, हा कसा निघालाय. आता हौदात उतरायचंच नाही, तेव्हा असाच राहील. आणि एकच आहे. पुढच्या वर्षी तुमचं काम निम्मं."

तो हसला. एकटाच हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "तुमचे मात्र राहिलेत. ते माझ्या डोक्यावर आहे."

गिरणीवाल्याने आपले पाय घडवंचीखाली मागे ओढून घेतले. बोटांच्या बेचक्यांत पीठ होतं. मग त्याने पेला जमिनीवर ठेवला, वाकून म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि निघून गेला. या वेळी उंबऱ्याशी तो आधीच वाकला.

"का गं गेला लगेच?" म्हातारा सुनेला विचारत होता. "आत्ताच तर आला होता."

ती पेला उचलायला गेली. पेला काठोकाठ तसाच होता. त्याच्या घशाखाली पाणी उतरलं नसतं म्हणून, की या घरचं होतं म्हणून, ते तिला कळायला मार्ग नव्हता. कडेला कुठे तोंड लागलेलं नव्हतं. बाहेर अजून आभाळात काही नव्हतं आणि विहिरीची खेप दूरची होती. तिने पाणी परत माठात ओतलं.